बघून काढलेली फुले

मुलाने चित्र काढून आणले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : मनाने काढलंस की बघून? 'मनाने' म्हटले की पाठीवर थाप पडते. 'बघून' म्हटले तरी पडते, पण जरा हलकी. बघून काढणे ही लबाडी नसली तरी उसनवारी आहे, असे आपण धरूनच चालतो. शाळेतही तेच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या पिढ्यांनी स्थिरचित्राचा पेपर दिला, स्मरणचित्राचा दिला, संकल्पचित्राचा दिला. समोरच्या वस्तू पाहून काढा, आठवून काढा, रचून काढा. दुसऱ्या चित्रकाराचे चित्र समोर ठेवून त्यातून काय उमगले ते काढून दाखवा, असे मात्र त्या पेपरांत कुणी मागितले नाही.

ही व्याख्यानमाला एका चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ भरते. 'बघून' या उत्तराची बाजू मांडायला याहून योग्य जागा मिळणार नाही. विषय फुलांपुरताच ठेवला आहे, आणि त्याला कारण आहे. फूल हे फार अवघड मॉडेल आहे. सकाळी उमललेला गुलाब दुपारी तसा राहत नाही. पाकळीचा रंग एका बाजूने वेगळा आणि उलट्या बाजूने वेगळा असतो. पाकळ्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या असतात की कुठली पुढे आणि कुठली मागे हे डोळ्याला कळते, हाताला कळत नाही. शिवाय फुलाचा हंगाम निघून गेला की वर्षभर थांबावे लागते. अठराव्या शतकातला डच चित्रकार यान व्हान हायसम याने 1742 मध्ये एका ग्राहकाला कळवले होते, की पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र पुरे होऊ शकलेले नाही. एका गुलाबासाठी अडून बसणारे असे चित्रकार थोडे. बाकीच्यांनी फुले शिकली ती निम्मी बागेत आणि निम्मी दुसऱ्यांच्या चित्रांत.

हाच हायसम आपल्या कामाच्या खोलीत कुणाला पाऊल टाकू देत नसे. रंग कसे लावतो हे कुणी पाहू नये म्हणून दार बंद. पण पुरी झालेली चित्रे घराबाहेर जायचीच. त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांनी आताच्या बेल्जियममधल्या सेंट-ह्यूबर्ट गावचा एक तरुण हॉलंडमध्ये फिरताना ती चित्रे पाहून थबकला. त्याचे नाव पिएर-जोसेफ रदूते. पुढे पॅरिसला जाऊन तो गेरार्ड व्हान स्पेंडोंकच्या हाताखाली तयार झाला, आणि 1817 ते 1824 या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या गुलाबांच्या चित्रसंग्रहाने फुलांच्या छापील चित्रांचा दर्जाच पालटून टाकला. आज भेटकार्डांवर, चहाच्या डब्यांवर, भिंतीच्या कागदांवर जे गुलाब दिसतात, त्यांतले कितीतरी रदूतेच्या वंशातले आहेत.

पण परक्यांची चित्रे पाहून फूल कसे शिकतात, याचा सर्वांत उघड आणि सर्वांत चांगला नोंदला गेलेला दाखला विन्सेंट व्हॅन गॉगचा आहे. आपल्याकडे त्याची ओळख दुःखाच्या अंगाने जास्त आहे. तो कष्टाळू विद्यार्थी होता, ही बाजू मागे पडते.

1886 च्या फेब्रुवारीअखेरीस तो पॅरिसला धाकट्या भावाकडे, थिओकडे, येऊन थडकला. तेव्हा तो तेहतिशीला टेकला होता. 'बटाटे खाणारी माणसे' हे काळपट, मातकट चित्र त्याने वर्षभरापूर्वीच संपवलेले. पॅरिसमध्ये आल्यावर आपले रंग मेलेले आहेत हे त्याच्या ध्यानात आले. माणसांची मॉडेल्स ठेवायला पैसे नव्हते. त्या उन्हाळ्यात त्याने फुले रंगवायला घेतली. त्याच्या ओळखीचे लोक दर आठवड्याला घरी फुले पाठवतात, असे थिओने आईला लिहिले. अँटवर्पमध्ये मैत्री झालेल्या एका इंग्रज चित्रकाराला विन्सेंटने स्वतःच आपला अभ्यासक्रम कळवला : लाल पॉपी, निळी कॉर्नफ्लॉवर, पांढरे आणि गुलाबी गुलाब, पिवळ्या शेवंती, आणि प्रत्येक वेळी निळ्यासमोर नारिंगी, लालासमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा असे विरोधी रंग एकमेकांशी झुंजवून पाहणे. लाखेच्या एका डब्यात त्याच्याकडे रंगीत लोकरीचे छोटे गुंडे होते. दोन रंगांचे धागे एकत्र गुंडाळून ते शेजारी कसे दिसतात, याची चाचणी तो त्यांवर घेई. तो डबा आजही अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.

हे सगळे ज्ञान त्याला फुलांनी दिले नव्हते. विरोधी रंगांचा नियम त्याने शार्ल ब्लां या कलासमीक्षकाच्या पुस्तकातून आणि त्यातल्या देलाक्रवा या चित्रकारावरच्या विवेचनातून उचलला होता. रंग किती जाड थापायचा हे त्याला मोंतिसेली नावाच्या मार्सेच्या चित्रकाराने दाखवले. अदोल्फ मोंतिसेली त्याच उन्हाळ्यात, जून 1886 मध्ये वारला. दोघांची भेट कधी झाली नाही. पण गडद पार्श्वभूमीतून रंगांचे गोळे उजळून यावेत तशी त्याची फुले विन्सेंटने पॅरिसच्या एका गॅलरीत पाहिली, आणि दोघा भावांनी त्याची चित्रे विकतही घेतली. त्यांतले एक फुलदाणीचे चित्र त्यांच्या घरात होते. विन्सेंटची 1886 ची फुले त्या चित्राशेजारी ठेवली की नाते लपत नाही. तेच अंधारे मागचे अंग, तोच जाड थर. पाकळीची कड रेषेने न काढता कुंचल्याच्या एका फटक्याने उठवायची हिंमतही तिथलीच. काही चित्रांत ती फसलेली दिसते. रंग चिखल झालेला आहे, फूल हरवले आहे. विद्यार्थ्याने ही फसलेली चित्रे आवर्जून पाहावीत, कारण उत्तम चित्रात शिकण्याच्या खुणा बुजलेल्या असतात आणि इथे त्या उघड्या आहेत.

मग जपान आले. 1886-87 च्या हिवाळ्यात पॅरिसमधल्या बिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या माळ्यावर बसून विन्सेंटने जपानी छापचित्रे शेकड्यांनी निवडून घेतली. ती स्वस्त होती. विकून पैसे करावेत असाही बेत होता. विकली फारशी गेली नाहीत, घरच्या भिंतीवर लागली. त्यांत उतागावा हिरोशिगेच्या 'एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे' या मालिकेतले, 1857 साली छापलेले कामेइदो इथल्या प्लमच्या बागेचे चित्र होते. जपानीत या झाडाला उमे म्हणतात. त्या चित्रात झाड अक्षरशः डोळ्यावर येते. खोड आणि एक आडवी फांदी चौकटीला कापत जातात, मागे कुंपण, कुंपणापलीकडे मुंग्यांएवढी माणसे, आणि निष्पर्ण डहाळ्यांवर मोजकी पांढरी फुले.

1887 च्या शरदात विन्सेंटने या चित्राची नक्कल केली. अगदी शाळकरी पद्धतीने केली. चित्रावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ट्रेस केले, त्यावर चौकटी आखल्या, आणि त्याच चौकटी मोठ्या करून कॅनव्हासवर उतरवल्या. तो ट्रेसिंगचा कागद शिल्लक आहे. चौतीस वर्षांचा, सात वर्षे चित्रकारीत घालवलेला माणूस चौकटी आखून दुसऱ्याचे चित्र उतरवतो आहे, हे दृश्य आपल्या प्रत्येक चित्रकला वर्गात सांगितले गेले पाहिजे.

रेषा त्याने जशीच्या तशी घेतली. रंग घेतला नाही. हिरोशिगेचे काळसर खोड त्याने तांबडे-निळे केले, खालचे गवत अधिक हिरवे केले, आकाशातला तांबूस रंग पिवळ्याकडे झुकवला. पॅरिसच्या उन्हाळ्यात फुलांवर घासलेला विरोधी रंगांचा धडा त्याने जपानी झाडावर वापरून पाहिला. मूळ चित्र अरुंद, कॅनव्हास रुंद. दोन्ही बाजूंना पट्ट्या उरल्या. त्या नारिंगी करून त्यांवर त्याने इतर छापचित्रांतली जपानी अक्षरे उतरवली. ती अक्षरे त्याला वाचता येत नव्हती, त्यामुळे त्यांचा चित्राशी अर्थाने काही संबंध नाही. समीक्षक या पट्ट्यांना हौस म्हणून सोडून देतात. पण त्या पट्ट्यांवर त्याचा हात कुंचल्याने उभी-आडवी फटकाऱ्याची रेष मारायला शिकत होता, असे म्हणायला जागा आहे. पुढे दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल्समध्ये त्याने बोरूच्या लेखणीने जी रेखाटने केली, त्यांत हाच तुटक, ठाम फटका दिसतो.

20 फेब्रुवारी 1888 रोजी तो आर्ल्सला उतरला तेव्हा बर्फ होते. महिन्याभरात जर्दाळू, पीच, प्लम, बदाम फुलू लागले आणि त्याने एप्रिल संपेपर्यंत फळबागांची चौदा चित्रे केली. हिरोशिगेच्या झाडाची नक्कल करून चारच महिने झाले होते. बागेत उभा राहिल्यावर काय पाहायचे हे त्याला आधीच ठाऊक होते : पुढचे झाड अंगावर घ्यायचे, चौकटीने फांदी कापू द्यायची, फुलांचा पसारा न मोजता त्यांचे पुंजके धरायचे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सूर्यफुले आली. ती 'मनाने' काढलेली आहेत असे जगाला वाटते. त्याची पत्रे वेगळे सांगतात. त्या कामाच्या ऐन भरात त्याने थिओला पॅरिसच्या लिलावघरात दोघांनी मिळून पाहिलेल्या, माने या चित्रकाराच्या चित्राची आठवण करून दिली : फिकट पार्श्वभूमीवर मोठी गुलाबी पिओनी आणि तिची हिरवी पाने, घट्ट जाड रंगात, आणि तरीही पुरेपूर फूल. अशी साधी पद्धत आपल्याला हवी आहे असे तो लिहितो. त्या काळी पॅरिसमध्ये जॉर्ज जानँ आणि एर्नेस्त क्वोस्त हे फुलांचे नामांकित चित्रकार होते. आज त्यांची नावे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. विन्सेंट मात्र त्यांची कामे नीट पाहत होता. जानेवारी 1889 मधल्या पत्रात तो म्हणतो, की पिओनी जानँची आहे, हॉलिहॉक क्वोस्तचे आहे, तसे सूर्यफूल थोडेफार माझे आहे. कुणाचे कुठले फूल हे ज्याला माहीत आहे, त्यालाच आपले फूल कुठले हे असे नेमके सांगता येते.

त्याच महिन्यात त्याने स्वतःचीही नक्कल केली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये असलेले सूर्यफुलांचे चित्र हे लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या, ऑगस्टमधल्या चित्रावरून पुन्हा केलेले आहे. ताजे फूल जानेवारीत कुठून मिळणार? समोर होते ते चित्रच. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर रचना तीच, पण कुंचल्याचे फटके आणि रंगांची लावणी जागोजाग बदललेली. पुढे सेंट-रेमीच्या रुग्णालयात त्याने मिले आणि देलाक्रवा यांची काळ्या-पांढऱ्या छापचित्रांतून उपलब्ध असलेली चित्रे रंगांत उतरवली. त्याबद्दल थिओला समजावताना त्याने वादकाचा दाखला दिला : बेथोव्हेन वाजवणारा आपल्या वादनात आपला अर्थ भरतोच, आणि ते करायला फक्त रचनाकारालाच परवानगी आहे असा काही नियम नाही. संगीताची परंपरा असलेल्या आपल्या लोकांना हे अधिक पटायला हवे. गुरूने दिलेली बंदिश शिष्याने गायली म्हणून तिला कुणी नक्कल म्हणत नाही.

फेब्रुवारी 1890 मध्ये, थिओला झालेल्या मुलासाठी, विन्सेंटने निळ्या आकाशावर बदामाच्या फुललेल्या फांद्या रंगवल्या. त्या चित्रात जमीन नाही, बुंधा नाही, चौकटीने चारी बाजूंनी कापलेल्या फांद्या तेवढ्या आहेत. हिरोशिगेचे कुंपण आणि माणसे गळून गेली आहेत. कॅनव्हासवर आता चौकटी आखलेल्या नाहीत.

इथे एक इशारा देऊन ठेवतो. त्या बदामाच्या फुलांचा मूळ रंग आज दिसतो त्याहून गुलाबी होता. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातली त्याची निळी आयरिस मुळात जांभळी होती; वापरलेला लाल रंग उजेडाने उडाला. जो विद्यार्थी या चित्रांवरून आज हुबेहूब रंग उचलेल, तो काळाने केलेला बदलही उचलेल. म्हणून चित्राबरोबर खरे फूलही शेजारी हवे.

खरे फूल आणि परके चित्र एकाच टेबलावर असतील तर काय घडते, याचे उत्तर आपल्या देशात व्हॅन गॉगच्या अडीचशे वर्षे आधी मिळालेले आहे. 1580 पासून जेझुइट पाद्र्यांबरोबर युरोपातली छापचित्रे अकबराच्या दरबारात येऊ लागली. तरुण चित्रकारांना ती नकलेसाठी दिली जात. अबुल हसनने 1600 मध्ये, तेरा वर्षांचा असताना, ड्यूररच्या छापचित्रातली सेंट जॉनची आकृती रेखाटली. ते रेखाटन आज ऑक्सफर्डला आहे. फुलांच्या बाबतीत अँटवर्पच्या एड्रियन कोलार्ट याने कोरलेल्या फुलांच्या पानांसारखी छापील चित्रे दरबारात पोहोचली, आणि अभ्यासकांनी मुघल फुलांच्या काही पानांचे मूळ थेट त्यांच्यात शोधून दाखवले आहे.

कोलार्टच्या एकेका पानावर अनेक फुले दाटीने मांडलेली असतात. मुघल चित्रकाराने त्यांतले एक उचलून रिकाम्या पानाच्या मध्यावर देठापासून उभे केले, चहूबाजूंनी मोकळी जागा ठेवली, कुठे एखादे फुलपाखरू सोडले. आणि मूळ छापचित्र होते काळ्या रेषांचे. रंग त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पुरवावा लागला. नकलेतली ही फट फार मोलाची आहे, कारण तिच्यातून बाग आत येते. जहांगीर 1620 च्या वसंतात काश्मीरला गेला, तेव्हा उस्ताद मन्सूरने तिथली शंभराहून अधिक फुले रंगवली, असे बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. त्यांतली फारच थोडी उरली. लाल ट्यूलिपचे सर्वांत प्रसिद्ध पान अलीगढला आहे. खऱ्या फुलासमोर बसलेल्या मन्सूरच्या हातात छापचित्रांवरून घोटलेली मांडणी होती.

तीच मांडणी पुढे दारा शिकोहने पत्नी नादिरा बानूसाठी सिद्ध केलेल्या चित्रसंग्रहात दिसते, आणि मग कागद सोडून ताजमहालाच्या संगमरवरी भिंतींवर चढते. तिथल्या कोरीव फुलांपैकी काहींना वनस्पतिशास्त्रज्ञ नाव देऊ शकत नाहीत. पान एका झाडाचे, फूल दुसऱ्या झाडाचे. नकलेवरून नक्कल होत गेली आणि मधे कुणी बागेत गेले नाही, की हे असे होते. शोभेला त्याने बाधा येत नाही. शिकणाऱ्याने मात्र हा फरक ओळखायला हवा.

महाराष्ट्राचा या गोष्टीत मोठा वाटा आहे, आणि तो अजिंठ्याचा आहे. मुंबईच्या कला विद्यालयातले, म्हणजे आजच्या जे. जे. तले, शिक्षक जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून हिवाळ्यात आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. 1885 पर्यंत हे काम टप्प्याटप्प्याने चालले. पेस्तनजी बोमनजी त्याच तुकडीतले. लेण्यांतल्या बुद्धकथांची चर्चा नेहमी होते. पण पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावर चौकोना-चौकोनांत कमळे, कळ्या, वेली, फळे, हंस भरलेले आहेत. हे चौकोनही विद्यार्थ्यांनी उतरवले. 1896-97 मध्ये ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, त्याच्या दुसऱ्या खंडात हीच नक्षी भरली आहे. विद्यालयाच्या कुंभारकामात अजिंठ्याची फुले मातीच्या भांड्यांवर उमटली. पंधराशे वर्षांपूर्वीच्या अनामिक चित्रकाराचे कमळ मुंबईतल्या एका विद्यार्थ्याच्या हाताखालून गेले, आणि त्याला कमळाची पाकळी वळणावर कशी जाड होते हे समजले. समोरच्या तळ्यातल्या कमळाने हे सांगायला बराच वेळ घेतला असता.

या कामाची किंमतही चुकती झाली. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या अनेक नकला 1885 च्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. भिंतीवरची चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्या काळी लावलेल्या वार्निशने मूळ रंगांचेच नुकसान केले. आणि तरीही आज जिथे भिंतीवरचा रंग झडून गेला आहे, तिथे काय होते हे सांगायला काही ठिकाणी त्या विद्यार्थ्यांचीच कापडे उरली आहेत. बघून काढणाऱ्यांनी केलेले हे काम आपण अजून नीट मोजलेले नाही.

मग आता करायचे काय? ग्रिफिथ्सना बैलगाडीने जावे लागले, विन्सेंटला दुकानाच्या माळ्यावर बसावे लागले. आजच्या विद्यार्थ्याला अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संग्रहातली फुलांची चित्रे फोनवर फुकट उघडता येतात, आणि ती इतकी मोठी करता येतात की पाकळीवरचा दवबिंदू रंगाच्या कोणत्या दोन ठिपक्यांनी झाला आहे हे दिसते. साधन आहे. शिकवण्याची सवय नाही.

ती लावायची तर सुरुवात हिरोशिगेच्या झाडापासून करावी. पहिल्या आठवड्यात ट्रेसिंग. दुसऱ्यात चौकटी आखून मोठे करणे. तिसऱ्यात तीच रेषा ठेवून रंग स्वतःचे, आणि प्रत्येक बदललेल्या रंगाचे कारण वहीत एका ओळीत लिहिणे. नुसत्या ट्रेसिंगला गुण नाहीत, कारणाला गुण. चौथ्या आठवड्यात वर्ग बाहेर न्यावा. निष्पर्ण फांदीवर फुले हे जपानी प्लमचे वैशिष्ट्य आपल्या पळसात आहे, पांगाऱ्यात आहे, चाफ्यात आहे. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, वार्षिक परीक्षा तोंडावर असतात, तेव्हा शाळांना हे काम जानेवारीतच सुरू करावे लागेल.